सहावा फॉर्म कोरा होता

‘आपणास कधी अटक झाली होती काय?’ साक्षांकन नमुन्यातल्या या प्रश्नापुढे उत्तराला बोटभर जागा असते. त्या जागेवर पेन टेकवून मी अर्धा तास बसलो होतो. सरळसेवेतून लिपिकाच्या पदावर निवड झाली होती, मूळ कागदपत्रं तपासून झाली होती, आणि हा नमुना भरून दिला की चारित्र्य पडताळणी होऊन नेमणुकीचं पत्र येणार होतं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: नाही लिही. हायकोर्टाने केस रद्द केली ना? मग झालंच नाही ते.

झालंच नाही कसं? झालं होतं.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस नावापुरता, पण बांधावरची भांडणं बारमाही. २०१८ च्या ऑक्टोबरात ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर तात्यांनी, म्हणजे वडिलांच्या सख्ख्या भावाने, ट्रॅक्टर घालून बांध कोरला असं आमचं म्हणणं. आदल्या साली तो आम्हीच कोरला होता असं त्यांचं. मी तेव्हा बी.कॉम. होऊन स्पर्धा परीक्षांच्या मागे होतो, घरी आलेलो. ओरडा ऐकून रानात पळालो. फावड्याचा दांडा नेमका कुणाच्या हातात होता यावर आजही दोन मतं आहेत. दादाच्या, तात्यांच्या थोरल्याच्या, मनगटाचं हाड मोडलं याबद्दल मात्र एकच एक्स-रे आहे.

फिर्यादीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव पहिलं आणि माझं तिसरं. माझ्या वाट्याला जे वाक्य आलं ते आमच्या भागातल्या बहुतेक फिर्यादींत सापडेल: ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ व दमदाटी केली.’ मी लाथ मारली नाही. ढकलाढकलीत होतो, आणि शिव्या दिल्या, हे खरं. कलमं लागली भारतीय दंड संहितेची ३२६, शिवीगाळीचं ५०४, धमकीचं ५०६ आणि सगळ्यांना एका दोरीत बांधणारं ३४.

यातलं ३२६ नसतं तर पुढचं बरंच टळलं असतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं होतं. पण घातक हत्याराने गंभीर दुखापत म्हणजे ३२६, शिक्षा दहा वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र. फावडं घातक हत्यार आहे की शेतीचं अवजार, हा वाद नंतरचा. आधी आम्हाला जीपमध्ये घातलं.

लॉकअपच्या रात्रीबद्दल फार सांगत नाही; ढेकूण होते आणि अण्णा झोपले नाहीत. लक्षात राहिलंय ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. ग्रामीण रुग्णालयात मेडिकल करून आणल्यावर एका हवालदाराने काचेच्या तुकड्यावर काळी शाई रुळाने पसरली आणि माझा उजवा हात मनगटापाशी धरला. मी बोट ताठ धरलं होतं, ठसा फिसकटला. ‘बोट सैल सोड रे. तू नको दाबू, मी फिरवतो.’ एकेक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं, मग चार बोटं एकदम, मग अंगठा. दहा बोटांना दहा चौकोन. मग पाटीवर खडूने नाव आणि गुन्हा नंबर लिहून ती छातीशी धरायला लावली आणि फोटो काढला. शाई पुसायला त्यांनी रॉकेलचा बोळा दिला, वर म्हणाले, ‘साबणाने नाही जायची, आधी याने पूस.’ वाईट माणूस नव्हता तो. पण नखांच्या कडेला ती शाई आठवडाभर राहिली, आणि मी आठवडाभर हात खिशात घालून फिरलो.

चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागितली नाही, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, लगेच जामिनाचा अर्ज, तिसऱ्या दिवशी सुटका. मामा जामीनदार राहिले. त्यांच्या सात-बाराचा उतारा आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला अजून त्या फाईलला असेल. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दाखल झालं आणि सुरू झाल्या तारखा. साहेब रजेवर, साक्षीदार गैरहजर, मग करोना.

मिटलं ते वकिलांमुळे नाही, मोजणीमुळे. २०२१ मध्ये दोन्ही घरांनी पैसे घालून भूमी अभिलेखची सरकारी मोजणी आणली. मोजणीदाराने खुणा रोवल्या तेव्हा जागेचा फरक निघाला दीड फुटाचा. त्यासाठी एक मनगट मोडलं होतं आणि चार माणसं कोर्टात जात होती. तात्या त्या खुणेकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अण्णांना म्हणाले, ‘चल, चहा घे.’ तीन वर्षांनी.

आता वाटेल, फिर्यादीनेच केस मागे घेतली की झालं. आमचंही तसंच होतं. आमचे तालुक्याचे वकील, ज्यांना सगळा गाव वकीलकाका म्हणतो, त्यांनी हात जोडून समजावलं की गुन्हा हा सरकारविरुद्ध असतो, फिर्यादी तो मागे घेऊ शकत नाही. काही कलमं तडजोडीत मिटतात, ५०४ आणि ५०६ मिटतं. ३२६ मिटत नाही. मॅजिस्ट्रेटने मनात आणलं तरी नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जायचं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली, उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारात. (नव्या कायद्यात, म्हणजे जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत, तेच कलम ५२८ आहे.) दोन घरांतला खासगी वाद असेल, समाजाला हादरा देणारा गुन्हा नसेल, आणि समेट खरा असेल तर न मिटणारं कलमही उच्च न्यायालय रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ग्यानसिंग प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केलंय. वकीलकाकांनी ते नाव इतक्या वेळा घेतलं की आईला वाटलं ग्यानसिंग हा त्यांचा मुंबईतला ओळखीचा वकील आहे.

तेव्हा कोल्हापूरचं सर्किट बेंच झालं नव्हतं. ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. म्हणजे आम्हाला मुंबई. नोव्हेंबर २०२२ मध्ये अण्णा, मी, तात्या आणि दादा असे चौघं एकाच गाडीतून रात्रभर प्रवास करून गेलो, आरोपी आणि फिर्यादी शेजारी शेजारी, मध्ये भाकरीचं गाठोडं. दादाने शपथपत्र आधीच केलं होतं: समेट झाला, माझी काही तक्रार नाही, कुणाचा दबाव नाही. तरी न्यायमूर्तींनी त्याला पुढे बोलावलं. सही तुमचीच का, वाचून दाखवलं होतं का, कुणी पैसे दिले का. शेवटी विचारलं, हात कसा आहे? दादाने हात पुढे करून तळवा वर वळवला. तो पूर्ण वळत नाही, अर्ध्यावर थांबतो. त्याने तसाच धरून ठेवला. न्यायमूर्तींनी पाहिलं, खाली काहीतरी लिहिलं, आणि आम्हा चार आरोपींना प्रत्येकी १०,००० रुपये एका कल्याण निधीत भरण्याच्या अटीवर एफआयआर आणि त्यावरचा खटला रद्द केला. सगळं मिळून दहा मिनिटं. परतताना तात्यांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

माझ्या डोक्यात तेव्हा ‘रद्द’ म्हणजे पाटीवरचं खोडून टाकल्यासारखं काहीतरी होतं.

साक्षांकन नमुना घेऊन वकीलकाकांकडे गेलो तेव्हा त्यांनी चष्मा वर करून एकच गोष्ट विचारली, ‘प्रश्न काय आहे ते नीट वाच. शिक्षा झाली का, असं विचारलंय की अटक झाली का?’ मी म्हटलं, अटक. ‘मग अटक झाली होती का?’ झाली होती. ‘मग लिही.’

त्यांचं सांगणं असं की खटला रद्द झाला म्हणजे खटला संपला; त्याने अटक झालीच नव्हती असं होत नाही. परदेशात काही ठिकाणी अशी नोंद सील करायची किंवा मिटवायची वेगळी सोय कायद्यात असते, तसा सरसकट कायदा आपल्याकडे सज्ञान माणसासाठी नाही. मुलांसाठी आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ सांगतं की अपिलाची मुदत संपली की मुलाची नोंद नष्ट करा. अगदी घृणास्पद गुन्ह्यातल्या मोठ्या मुलांचा अपवाद सोडून. म्हणजे पुसायचं कसं हे कायद्याला ठाऊक आहे. मी अठरा ओलांडून पाच वर्षं झालेली, एवढाच माझा दोष.

आणि दडवलं तर? नमुन्याच्या माथ्यावरच इशारा होता की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरेल. २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सगळं एकत्र करून ठेवलंय. त्यातलं मला कळलं ते असं: उमेदवाराने दिलेली माहिती खरी पाहिजे. क्षुल्लक गोष्ट दडवली गेली असेल तर ती माफ करायची मोकळीक नेमणूक करणाऱ्याला आहे. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असंही बंधन नाही. संपलेल्या प्रकरणाचाही ते विचार करू शकतात. ‘म्हणजे खरं लिहून जाऊ शकते?’ मी विचारलं. ‘जाऊ शकते. पण खोटं लिहून गेली तर पुढची पण जाईल,’ ते म्हणाले.

मी ‘होय’ लिहिलं. गुन्हा क्रमांक, कलमं, अटकेची तारीख, जामिनाची तारीख, उच्च न्यायालयाच्या आदेशाची तारीख, सगळं वेगळ्या कागदावर लिहून जोडलं. आदेशाची सर्टिफाइड नक्कल लावली. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा तिने जेवायला वाढलं, पण ती स्वतः जेवली नाही.

दीड महिन्याने कार्यालयातून पत्र आलं. पोलिसांच्या अहवालात तुमच्यावरील गुन्हा ‘न्यायप्रविष्ट’ असल्याचं नमूद आहे, खुलासा करावा.

न्यायप्रविष्ट! म्हणजे खटला चालू. मी खटला रद्द केल्याचा आदेश जोडलाय आणि पोलीस म्हणतायत चालू आहे; तर मग खोटं कोण बोलतंय, असं त्या कार्यालयाला वाटलं तर चूक काय?

पोलीस ठाण्यात गोपनीय शाखेचे अंमलदार चारित्र्य पडताळणीचं काम बघतात. त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘मी काय करू? सिस्टिमला जे दिसतं तेच लिहितो.’ सिस्टिम म्हणजे सीसीटीएनएस, देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडणारी यंत्रणा, केंद्राने २००९ मध्ये मंजूर केलेली. त्यांनी मला आत संगणकावर बसणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. त्यांच्या टेबलावर तुळशीची छोटी कुंडी होती आणि माऊसखाली जुन्या कॅलेंडरचं पान. गुन्हा नंबर टाकल्यावर त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल ऐकत होतो ते पहिल्यांदा पाहिलं.

प्रत्येक गुन्ह्याला सात फॉर्म असतात, मॅडमनी बोटाने दाखवत सांगितलं. पहिला एफआयआर. दुसरा गुन्ह्याचा तपशील. तिसरा अटक. चौथा जप्ती. पाचवा दोषारोपपत्र. सहावा कोर्टाचा निकाल. सातवा अपिलाचा. आमचे पहिले पाच भरलेले. तिसऱ्यात मी होतो: नाव, बापाचं नाव, वय २३, उंची, बांधा सडपातळ, ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण. झाडावरून पडलो होतो तो.

सहावा फॉर्म कोरा.

‘कोर्टाकडून काही आलंच नसेल,’ मॅडम म्हणाल्या. ‘आलं असतं तर भरलं असतं.’ त्यांचं म्हणणं तक्रारीचं नव्हतं, साध्या हिशेबाचं होतं. पण मग आलं का नाही? हे शोधण्यात माझे दोन आठवडे गेले, आणि तेच इतरांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगतो.

उच्च न्यायालयाचा आदेश झाला की तो आपोआप सगळीकडे पोचतो असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या वकिलांनी नक्कल काढून ती मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात हजर केली, कोर्टाने खटला निकाली काढला, ई-कोर्टच्या साइटवर प्रकरण निकाली दिसायला लागलं. आम्ही तो स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांना पाठवला आणि विषय संपवला. पण कोर्टातून पोलीस ठाण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा पैरवी हवालदार करतात. कोर्टात बसून निकाल टिपायचे आणि ठाण्यात आणून नोंदवायचे, हे त्यांचं काम. आमच्या केसच्या वेळचे पैरवी हवालदार त्याच महिन्यात बदलून गेले होते. नव्याने आलेल्यांच्या यादीत आमचा खटला नव्हता, कारण तो निकाली निघाला होता. जुन्यांच्या यादीत तो चालू होता. दोन याद्यांच्या फटीत आमचा सहावा फॉर्म पडला.

मी पोलीस निरीक्षकांच्या नावे अर्ज लिहिला, सर्टिफाइड नक्कल आणि मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या रोजनाम्याची नक्कल जोडली, आवक-जावकला दिला. इथे एक सांगतो: अर्ज कुणाच्या हातात देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. आवक क्रमांक आणि शिक्का मारलेली पोच घ्या. ठाणे अंमलदार मला म्हणाले होते, ‘ठेवा इथे, साहेबांना देतो.’ मी ‘शिक्का द्या, मग ठेवतो’ म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांची फिर्याद लिहितोय.

तीन आठवडे काही नाही. मग माहिती अधिकाराचा अर्ज केला, जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘हे अपडेट करा’ अशी मागणी माहितीच्या अधिकारात करता येत नाही, माहितीच मागावी लागते. म्हणून विचारलं: अमुक गुन्ह्यात न्यायालयाच्या निकालाची नोंद सीसीटीएनएसमध्ये कोणत्या तारखेला घेतली? घेतली नसल्यास माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? त्याची प्रत द्यावी. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तर सव्विसाव्या दिवशी आलं आणि त्यात नोंद घेतल्याची तारीख होती. ती तारीख पंचविसावा दिवस होता.

सहावा फॉर्म भरला. मी जाऊन बघून आलो. मॅडमनी पुन्हा स्क्रीन वळवला आणि म्हणाल्या, ‘झालं की ओ तुमचं.’ मी विचारलं, आता तिसरा निघेल का? अटकेचा? त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग हसल्या. ‘भरायचे सात फॉर्म आहेत. काढायचा एकही नाही.’

एवढ्यावर थांबलो असतो, पण त्या रात्री मी मोबाइलवर स्वतःचं नाव टाकून बघितलं. उच्च न्यायालयाचा आदेश एका निकालांच्या साइटवर, नावागावासकट. पोलिसांच्या साइटवर एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की एफआयआर नोंदल्यापासून चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा; संवेदनशील गुन्हे सोडून. आरोपीला आपल्यावर काय लिहिलंय ते कळावं, यासाठी. हेतू चांगलाच आहे, माझ्यासारख्याच्याच भल्याचा. पण रद्द झालेला एफआयआर परत खाली उतरवावा असं त्या आदेशात कुठे आलेलं नाही.

याबद्दल न्यायालयांतच एकमत नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. त्यावर बोट ठेवून २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका माणसाचा निकाल शोधयंत्रांत दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सुटलेल्या एका माणसाच्या बाजूने तसंच काही केलं, तर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत त्याला स्थगिती दिली; न्यायालयाचे निकाल हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, तो असा काढायला लावायचा का, हा प्रश्न. मला दोन्ही बाजू पटतात, आणि ही काही सुखाची अवस्था नाही. वकीलकाका म्हणाले, मूळ अर्जातच नाव झाकण्याची आणि पोलिसांनी नोंद अद्ययावत करण्याची विनंती घालायला हवी होती. रद्द करून घेणाऱ्या कुणाला मी आज भेटलो तर हेच आधी सांगेन: आदेशात एक ओळ मागून घ्या की अमुक दिवसांत पोलीस अभिलेखात याची नोंद घ्यावी. त्या एका ओळीने माझे तीन महिने वाचले असते.

पासपोर्टबद्दल बरेच जण घाबरवतात, म्हणून तेही. पासपोर्ट अधिनियमाचं कलम ६ अडवतं ते प्रलंबित फौजदारी खटल्याला. रद्द झालेल्या खटल्याला नाही. पण पडताळणीच्या अहवालात चुकून ‘न्यायप्रविष्ट’ गेलं की तुम्ही पुन्हा सहाव्या फॉर्मपाशी.

राहता राहिले ठसे. जुना कैद्यांच्या ओळखीचा कायदा १९२० चा होता. त्यात इंग्रजांनीसुद्धा लिहून ठेवलं होतं की आधी मोठी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला तर त्याचे ठसे आणि फोटो, अगदी निगेटिव्हसकट, नष्ट करा किंवा त्याच्या हवाली करा. ऑगस्ट २०२२ पासून त्याच्या जागी फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम आला. त्यात मापं आणि ठसे पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. सुटलेल्यांचे नष्ट करण्याची तरतूद त्यातही आहे, पण सगळे कायदेशीर उपाय संपल्यावर, आणि नियमांप्रमाणे त्यासाठी राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे विनंती करावी लागते. इतर कुठल्या गुन्ह्याशी ते ठसे जोडलेले नाहीत हे बघून ते पुढे राष्ट्रीय गुन्हे अभिलेख कार्यालयाला कळवतात. माझ्यात अजून एक मेख आहे. कायद्यात शब्द आहेत खटल्याविना सुटका, आरोपमुक्ती, निर्दोष मुक्तता. ‘रद्द’ हा शब्द नाही. वकीलकाकांच्या मते खटलाच रद्द झाला म्हणजे खटल्याविना सुटका. त्यांच्या मते. मी तसं लिहून अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला.

नोकरीचं पत्र आलं. दुसरा अहवाल गेला, त्यात ‘सदर गुन्हा मा. उच्च न्यायालयाने रद्द केला आहे’ एवढी एक ओळ होती. माझ्याबरोबर निवड झालेले पाच महिने आधी रुजू झाले होते. पत्र घेऊन दादाकडे गेलो तर त्याने ते डाव्या हातात धरून दोनदा वाचलं.

रुजू झालो त्या दिवशी आस्थापनेच्या बाबूंनी बायोमेट्रिक हजेरीच्या यंत्रापाशी नेलं. मी अंगठा ठेवला, यंत्राने लाल दिवा दाखवला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल.

‘दाबू नका साहेब,’ ते म्हणाले. ‘बोट सैल सोडा.’

ठशांच्या अर्जाला परवा चार महिने झाले. दुसरं स्मरणपत्र टाकलंय. पोच फोल्डरमध्ये आहे.